चांगुणाबाईची मसणवट

चांगुणाबाईच्या सासूने, नवसाबाईने, जन्मभर घरात कोणाला आपल्या मनाप्रमाणे चालू दिलं नाही, आणि मेल्यावरही तिने चार माणसांना धड चालू दिलं नाही. सत्तर सालची गोष्ट. सायखेड्याच्या अलीकडे गोदावरीकाठी एक गाव आहे. गावाची मसणवट नदीच्या वरच्या अंगाला, पत्र्याची शेड वगैरे असलेली. बौद्ध वस्तीची खालच्या अंगाला, म्हणजे नुसता मुरमाड माळ आणि त्यावर बाभळी-बोरींचं रान. खांदा अनवाणीच द्यायचा, अशी रीत. तिरडी माळावर आली आणि पुढच्या डाव्या खांदेकऱ्याच्या पायात काटा गेला. तो एका पायावर उडाला, तिरडी कलली. तिला सावरायला उजवा पुढे सरकला, तर त्याला दोन काटे. मागचे दोघे ‘अरं थांबा, थांबा’ म्हणता म्हणता स्वतःच लंगडायला लागले. नवसाबाई चौघांच्या खांद्यावर अशी डुलत निघाली की जिवंतपणी ती कुठल्या लग्नातसुद्धा एवढी नाचली नसेल. वस्तीतल्या बायकाही मयताला जात. त्यांनी रडता रडता पदर तोंडात कोंबले. चांगुणाबाईला आपण रडतोय की हसतोय तेच कळेना.

सरण पेटलं, त्रिसरण-पंचशील म्हणून झालं, आणि माणसं नदीकाठच्या खडकावर बसून तळपाय बघायला लागली. हीसुद्धा रीतच. मयताला जाताना वस्तीतल्या बायका पदराला सुई टोचून न्यायच्या, आणि परतताना ज्याच्या-त्याच्या पायातले काटे काढायच्या. चांगुणाबाईच्या वाट्याला काळूबाबाचा पाय आला. काळूबाबा तिचा चुलत सासरा. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, आणि वस्तीत त्याने खांदा न दिलेलं एकही मयत नाही. त्याचा तळपाय म्हणजे चाळणच होती.

“चांगुणे,” काटा निघाल्यावर तो म्हणाला, “मला आणशील तवा वाट तेवढी झाडून ठेव बाई. म्या समद्यांना लंगडत पोचवलं. माझ्यापायी कुणी लंगडू नये, एवढंच हाय.”

“नाय लंगडू द्यायची, बाबा. शब्द देते,” चांगुणाबाई म्हणाली. बोलून गेली. पण ती बोलली की करते, ही तिची जुनी खोड होती, आणि जित्याची खोड काही सहज जात नाही.

त्या वेळी एकलहऱ्याला वीजघर उभं राहत होतं. तिचा नवरा निवृत्ती तिथे मजुरीला होता, आणि ती साहेब लोकांच्या वसाहतीत बागांना पाणी घालायला. बंगल्यांकडे बघून बघून तिची काही मतं झाली होती. त्यातली काही बरोबर होती, काही साफ चुकीची, पण सगळी सारखीच ठाम. रस्ता सरळ नेला की घर उघडं पडतं, हे पहिलं मत. मसणवटीचंही तेच, फाटकातून आत शिरल्याबरोबर सरण दिसलं तर माणसाचा धीर तिथेच सुटतो, म्हणून वाट वळली पाहिजे. वळणावर करंजाची दाट रांग. वळण संपलं की विसाव्याचा दगड, तिथे तिरडी टेकवायची, खांदे बदलायचे. मग गुडघ्याएवढी दगडी भिंत, बसायला. तीही सरळ नाही, नदी वाकते तशी वाकलेली, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड आपोआप पाण्याकडे होतं. सगळ्यात शेवटी दगडी ओटा आणि त्याच्या भोवती बहावे.

“साहेबाच्या बंगल्याचं ठीक हाय गं,” निवृत्ती म्हणाला, “पण मढ्याला कसली आलीय शान?”

“मढ्याला नाय, माघारी येणाऱ्याला,” ती म्हणाली. “मढं कुठं बघतंय?”

ओट्यावर पत्रा नको, हे तिचं सगळ्यात हट्टाचं मत. झाडांनी भोवती उभं राहावं, पण बरोबर ओट्याच्या वर आभाळाचा तुकडा मोकळा सोडावा. धूर तिथून सरळ वर जाईल आणि पानं करपणार नाहीत. वस्तीतल्या कोणालाच हे पटलं नाही. काळूबाबाने मान वर करून बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

“वर भोक ठेवलंस. अन् म्या पावसाळ्यात मेलो तर?”

“पावसाळ्यात मरायचं नाय.”

“बरं,” काळूबाबा म्हणाला आणि पाणी आणायला नदीवर गेला.

ती दर रविवारी एकलहऱ्याहून एसटीने रोपं आणायची. कंडक्टर तिला ‘या वनखातं’ म्हणून हाक मारायचा. गुलमोहर लावला तो वाऱ्याने पडला, निलगिरी लावली ती कोणाच्या तरी गाईने खाल्ली. गाईने निलगिरी खाल्ली यावर आजही कोणी विश्वास ठेवत नाही, पण खाल्ली. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. सगळी वस्ती खडी फोडायच्या कामावर गेली. पोटं खपाटीला गेली, पण हातांना दगड कळायला लागला, आणि दुष्काळ सरल्यावर त्याच हातांनी चांगुणाबाईची भिंत उभी राहिली.

वाटेचं वळण मात्र एका मुलीने काढलं. सरपंच कारभारी अण्णांची सिंधू त्या वेळी परकरी होती. घरून सक्त ताकीद की खालच्या मसणवटीकडे फिरकायचं नाही, म्हणून ती रोज शाळा सुटली की तिथेच. बोरं खायला. चांगुणाबाईने तिच्या डोक्यावर गळकी घागर दिली आणि म्हणाली, “फाटकापासून नदीपर्यंत चाल, तुला सोपं वाटंल तसं.” सिंधू खाचखळगे टाळत, डुलत गेली. घागरीतून पाणी गळत गेलं आणि मातीवर ओली रेघ उमटली. त्या रेघेवर त्यांनी दगड मांडले. सरपंचाच्या लेकीने बौद्धांच्या मसणवटीला पाणी वाहिलं, हे त्या काळात सरपंचाला कळलं असतं तर दोन्हीकडची मुंडकी उडाली असती.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात ओटा बांधून झाला. त्याच्यावर पहिला मान काळूबाबाचा, हे ठरलेलंच होतं. काळूबाबा रोज तो ओटा झाडायचा, अधूनमधून त्यावर आडवा होऊन बघायचा आणि म्हणायचा, “उशाकडं जरा उंच हाय.” गावातही बदल झाला होता. आया पूर्वी पोरांना ‘मसणात जा’ म्हणून शिव्या द्यायच्या. आता तसं म्हटलं तर पोरं खरंच जायची आणि करंजाखाली गोट्या खेळायची.

पुढच्या उन्हाळ्यात सिंधूचं लग्न निघालं. मुलगा सटाण्याकडचा, नाव चंदर. वऱ्हाड दुपारी येणार, गावाच्या शिवेवर थांबणार, मग वधूपक्षाने वाजतगाजत जायचं, नवरदेवाला पाटावर बसवून शिवेवरची पूजा करायची आणि मग गावात आणायचं, अशी पद्धत. वऱ्हाडं ज्याच्या सावलीत थांबत, तो शिवेवरचा जुना लिंब मागच्या वादळात पडला होता. त्यातून मोरीच्या कामामुळे गाडीरस्ता खणलेला, म्हणून वऱ्हाडाचा ट्रक नदीच्या बाजूने आला. ऊन मी म्हणत होतं. आणि समोर काय, तर करंजाची गार सावली, वळत गेलेली झाडलेली वाट, बसायला भिंत, आणि त्या सगळ्याच्या पोटात एक दगडी ओटा, ज्याच्या चहूबाजूंनी बहावा फुलून पिवळीधमक झुंबरं लोंबत होती.

ट्रकमधून पहिली उतरली नवरदेवाची आई लंकाबाई. थोराड बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. ती कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

“कितली झाक जागा शे ही! आमनासाठी कितलं सजाडं!” एवढी सजावट आपल्याचसाठी केलीय, असं तिने धरलं.

काळूबाबा तिथेच ओटा झाडत होता. कोणीतरी त्याला विचारलं, बसलं तर चालेल ना. काळूबाबाला वाटलं, ही कुठली जागा आहे ते यांना ठाऊकच असणार. मसणवट काय कोणाला सांगावी लागते? “बसा की,” तो म्हणाला. “आज ना उद्या समद्यांनी इथंच यायचं हाय.”

हे उत्तर ऐकून लंकाबाईला तो फार मायाळू माणूस वाटला. तिने त्याच्या हातावर सुपारी ठेवली, ओट्यावर पाट मांडला आणि बाशिंग बांधलेला चंदर त्या पाटावर नेऊन बसवला.

चांगुणाबाई धावत आली तेव्हा फार उशीर झाला होता. अर्धं वऱ्हाड भिंतीवर बसून शिदोरी सोडत होतं, विसाव्याच्या दगडावर कोणीतरी पाण्याचं पिंप ठेवलं होतं, आणि पलीकडून बँड वाजवत कारभारी अण्णा येत होते. बँड गावचाच. वळण संपल्याबरोबर पिपाणीवाल्याने नवरदेव कुठे बसलाय ते पाहिलं आणि त्याचा सूर घशातच मेला. मागोमाग ढोल थांबला. भटजींचा हात ताटातल्या हळदीत तसाच राहिला. कारभारी अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं.

खरं सांगावं तर अपशकुन म्हणून लग्न मोडेल. न सांगावं तर जावयाचे पाय सरणाच्या ओट्यावर धुवावे लागतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अण्णांनी एकदा भटजींकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि दातावर दात ठेवून म्हणाले, “म्हणा.” भटजींनी असे मंत्र म्हटले की ते कुठल्या विधीचे होते हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अण्णांनी पाय धुतले, गंध लावलं, हार घातला. वाऱ्याने बहाव्याच्या पाकळ्या नवरदेवावर गळत होत्या. लंकाबाईने डोळे पुसले. करंजाच्या रांगेमागे चांगुणाबाई आणि सगळी वस्ती एकमेकांची तोंडं दाबून उभी होती. निवृत्तीने तर स्वतःचा फेटाच चावला होता.

चार दिवसांनी कारभारी अण्णा वस्तीत आले. मतं मागायलासुद्धा हा माणूस कधी वेशीच्या आत पाऊल टाकत नसे. तो चांगुणाबाईच्या ओसरीवर बसला, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या नावापुढे ‘बाई’ लावून म्हणाला, “चांगुणाबाई, त्या वट्यावर कुणाला जाळू नका.”

“मंग काय करू? फोडणी देऊ?”

“चेष्टा नको. म्या त्यांला सांगितलं, ती पंचायतीची बाग हाय. त्यांचे पाहुणे या वाटंनं येत्यात-जात्यात. तिथं एक सरण पेटलं तर बातमी सटाण्याला पोचंल अन् दुसऱ्या दिवशी माझी सिंधू माघारी येईल.”

चांगुणाबाईचं हसू विरलं. सिंधूची ओली रेघ तिला अजून दिसत होती. पण काळूबाबाला दिलेला शब्द? तो तिने काटा काढता काढता दिला होता. असा शब्द मोडायचा कसा? ती काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाजेवरून काळूबाबाच म्हणाला, “पोरगी नांदाया लागू द्या. मला काय घाई नाय.”

“बाबा, वट्यावर पहिलं तुम्हीच. ते मी बदलायची नाय,” चांगुणाबाई म्हणाली.

“मंग मी थांबतो. एक लेकरू हुईस्तोवर थांबतो.”

कारभारी अण्णांनी काळूबाबाचे पाय धरले. ज्या तळपायाकडे गावातल्या कोणी कधी बघितलं नव्हतं, ते पाय सरपंचाने वाकून धरले, हे वस्तीने डोळे भरून बघितलं.

मग सुरू झाला काळूबाबा जगवायचा कार्यक्रम. सरपंचाकडून सकाळी म्हशीचं दूध, हिवाळ्यात तूप, जरा खोकला आला की सायखेड्याचा डॉक्टर. अण्णा रोज स्वतः येऊन नाडी बघितल्यासारखं मनगट धरायचे, चहा प्यायचे आणि हायसं वाटून घरी जायचे. काळूबाबाच्या गालांवर तेज आलं. सिंधूला मुलगा झाला, काळूबाबा म्हणाला, “आता दुसऱ्याचं बघू.” मुलगी झाली; म्हणाला, “तिचं जावळ निघू द्या.” त्या साताठ घरांच्या वस्तीत एवढ्या काळात कोणीच गेलं नाही. लोक म्हणायचे, रांगेत पुढचा माणूस हलत नाही, मागच्यांनी जायचं कसं?

बागेचं सोंग टिकवायला अण्णांनी आपल्या मोटारीचं पाणी तिकडे सोडलं, झाडं दुपटीने वाढली. त्यांनी गुलाबही लावले. ते चांगुणाबाईने दुसऱ्या दिवशी उपटून त्यांच्याच दारात नेऊन ठेवले. व्याह्यांकडे दरसाल आंब्याच्या करंड्या, द्राक्षं, हुरड्याचं आवतण. लंकाबाई आली आणि ‘ती बाग दाखवा’ म्हणाली की अण्णा सांगायचे, “आज तिथं नाग निघालाय.” एवढे नाग सगळ्या निफाड तालुक्यात नसतील.

पंच्याऐंशीला श्रावणात धोंड्याचा महिना आला. अण्णांनी जावयाला, लंकाबाईला, सिंधूला मानाने बोलावलं. अनारसे तळून झाले होते. नदीला पूर होता. आणि त्याच सकाळी चांगुणाबाई चहा घेऊन गेली तेव्हा काळूबाबा बाजेवर होता, पण चहासाठी उठला नाही. हात उशाखाली, चेहरा अगदी निवांत. पावसाळ्यात मरू नका म्हणून सांगितलं होतं. ते काही त्याने ऐकलं नाही. चांगुणाबाई त्याच्या पायाशी बसली आणि हमसून हमसून रडली. सासूसाठी रडताना तिला हसू आलं होतं. या वेळी हसू कुठेच नव्हतं.

अण्णा धापा टाकत आले. “चांगुणाबाई, आजचा दिवस! व्याही घरात हायेत. खाली वाळूवर करा, वट्यावर नको.”

“वाळू पाण्याखाली हाय अण्णा.”

“मंग उद्यापर्यंत ठेवा. सकाळच्या गाडीनं जातील ती.”

चांगुणाबाई उठली. तिचा आवाज चढला नाही. “अण्णा, तुमच्या लेकीसाठी हा माणूस सहा वर्षं मरायचा थांबला. अजून किती थांबवू? आता त्याच्यासाठी तुम्ही एक दिवस खरं बोला.”

अण्णांनी वहाणा काढल्या, आणि तिरडी उचलली गेली तेव्हा पुढचा डावा खांदा त्यांनी दिला. मागे निवृत्ती होता. पाऊस थांबला होता. झाडलेल्या वाटेवरून तिरडी करंजाच्या वळणावर आली, विसाव्याच्या दगडावर टेकली. आणि तिथे, भिंतीपाशी, डोक्यावरून पदर घेऊन लंकाबाई आणि सिंधू उभ्या होत्या.

लंकाबाईने तिरडीकडे पाहिलं, मग ओट्याकडे.

“सुपारी दिधी होती ना, तोच बाबा?” तिने विचारलं.

“व्हय,” अण्णा पुटपुटले. “विहीणबाई, ही बाग न्हाय. ही… तुमचा चंदर ज्या वट्यावर बसवला, तो…”

“माले ठाऊक शे.”

“आं?”

“मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, अण्णा,” सिंधू म्हणाली. “मला खोटं बोलून नांदता येईना. सासूबाई दोन दिवस हसत होत्या. जेवताना ठसका लागून मरता मरता वाचल्या.”

“मंग मला का नाय सांगितलं कुणी?” अण्णांचा आवाज चिरकला.

लंकाबाईने पदर नीट केला. “दरसाल आंबा धाडतस तुम्ही. एवढा मान कोन देस? म्हनीसन आम्ही गप्पच ऱ्हायनूत.”

पहिलं कोण हसलं ते सांगता येत नाही. बहुतेक निवृत्ती, कारण त्याने धरून ठेवलेला तिरडीचा मागचा कोपरा हलला. मग भिंतीवरचे, मग बायका, आणि शेवटी कारभारी अण्णा, डोळ्यांतून पाणी गळत, कोणत्या कारणाने ते त्यांनाही ठाऊक नसेल. सिंधू चांगुणाबाईच्या गळ्यात पडली. “मावशी, आमच्या गावच्या मसणवटीतही मी करंज लावलेत. पण वळण जमत नाही. घागर घेऊन चालायला एक बाई तयार होत नाही गं.”

चांगुणाबाई काळूबाबाच्या डोक्याशी वाकली. “ऐकलं का बाबा? सहा वर्षं उगाच…” पण उगाच कसं म्हणायचं? सहा वर्षं तो रोज संध्याकाळी या भिंतीवर बसला होता, पाण्याकडे तोंड करून, दुधाच्या मिशा पुसत. ती वर्षं एका बापाच्या भीतीने त्याला मिळाली होती. अशी भीती सगळ्यांच्या बापांना वाटो, असं तिला वाटलं.

लाकडं तिने घरच्या पत्र्याखाली कोरडी ठेवली होती. ओटा पहिल्यांदा पेटला. सगळ्यांच्या माना वर गेल्या. धूर जरा घुटमळला, बहाव्यांच्या मधून चढला आणि त्या मोकळ्या सोडलेल्या तुकड्यातून सरळ आभाळात गेला. एक पान करपलं नाही. “जमलं की गं,” निवृत्ती म्हणाला. पंधरा वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्या एखाद्या मताशी सहमत झाला होता.

मग सगळे भिंतीवर बसले आणि जुन्या सवयीने एकेक पाय उचलून तळवे बघू लागले. अण्णांना ही रीत ठाऊक नव्हती, पण सगळे बघतायत म्हणून त्यांनीही पाय उचलला. लंकाबाईनेही उचलला. चांगुणाबाईने पदराची सुई काढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांसमोरून फिरली. तिची कोणालाच गरज पडली नाही.

सुई परत पदराला टोचून ती ओट्याकडे वळली.

“कुणी लंगडलं नाय, बाबा,” ती म्हणाली.